एकदा तरी हौसेने जबलपूरला

खेड्यातील माणूस शहरास जातो तो बहुधा आपल्या इच्छेने जात नाही. कोणीतरी त्यास बोलावलेले असते. कधी कचेरीचे बोलावणे येते, कधी कोर्टाचे समन्स येते, कधी तालुक्याचा डॉक्टर चिठ्ठी लिहून देतो आणि "आता पुढे न्या" असे सांगतो. मग घाईघाईने धानाचे चार कट्टे विकून पैसे उभे करावयाचे, शेजाऱ्यास गुरांकडे पाहावयास सांगावयाचे आणि मिळेल त्या गाडीने निघावयाचे. अशा प्रवासात डोळे उघडे असले तरी मन मिटलेले असते. शहराच्या भोवती डोंगर कोणते आणि त्याच्या काठाने नदी कोणती वाहते, याची चौकशी करण्याइतकी उसंत कोणास असणार?

बालाघाट जिल्ह्यातील आमच्या वाचकांच्या बाबतीत हे शहर पुष्कळदा जबलपूर असते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हायकोर्टही तेथेच होते. त्या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भातील मराठी जिल्हे मुंबई राज्यास जोडले गेले, भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली आणि हायकोर्ट जबलपुरास आले. वैनगंगेकाठचा बालाघाट जिल्हा, मराठी बोलणारी कितीतरी घरे पोटाशी धरून, मध्य प्रदेशातच राहिला. जबलपूरचे सरकारी मेडिकल कॉलेजही १९५५ सालचे. जमिनीचा तंटा विकोपास गेला की जबलपूर आणि दुखणे हाताबाहेर गेले की जबलपूर, असे हे नाते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. त्या शहराचे आपणास काय आठवते असे एखाद्या वृद्ध शेतकऱ्यास विचारावे, तर तो इस्पितळाचा व्हरांडा सांगेल, वकिलाच्या घराचा जिना सांगेल, फार तर स्टेशनाबाहेरचा चहा सांगेल.

आमचे म्हणणे इतकेच की, ज्या शहरात आपण चिंतेने इतक्या वेळा गेलो तेथे एकदा तरी आनंदाने जाऊन यावे. आणि एकट्याने नव्हे, सर्व कुटुंबाने मिळून जावे. ही चैन नव्हे. वर्षभर एकाच छपराखाली राहणारी माणसेही कामाच्या रगाड्यात एकमेकांस क्वचितच निवांत भेटतात. दोन-तीन दिवस शेत, चूल आणि शाळा यांपासून सर्वजण एकदम मोकळे झाले म्हणजे घरातील माणसे एकमेकांस नव्याने दिसू लागतात. परंतु असा प्रवास आपोआप घडत नाही. संकट आपल्या पायांनी चालत येते. आनंदाची मात्र आधीपासून तजवीज करावी लागते. ती कशी करावी, याविषयी चार गोष्टी येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम प्रश्न : कोणासाठी?

सहलीचा विषय निघाला की "कोठे कोठे जायचे?" हा प्रश्न आधी विचारला जातो. आमच्या मते तो दुसरा प्रश्न होय. "कोण कोण येणार?" हा पहिला. कारण येथेच पुष्कळशा सहली बिघडतात.

घरोघरी काय घडते ते आपण जाणतोच. बेत ठरू लागला की आजी म्हणते, "मी कशाला? मी घर राखते. माझे पाय काही आता चालायचे नाहीत." सून म्हणते, "आई नाहीत तर मीही राहते. त्यांच्या जेवणाचे कोण पाहील?" मग घरचा कर्ता आणि मुले तेवढी जाऊन येतात, परत येऊन धबधब्याचे वर्णन करतात, आणि ज्या दोन बायकांनी त्यांच्यासाठी शिदोरी बांधली त्या ते वर्णन चुलीपाशी बसून ऐकतात. अशा प्रवासाने घरातील एक जुना अन्याय आणखी पक्का होतो, एवढेच.

म्हणून आमची पहिली सूचना अशी की, घरातील ज्याचे पाऊल सर्वांत हळू पडते त्याच्या पावलाने सहलीचे मोजमाप करावे. आजीस दिवसातून एक चढ झेपत असेल, तर दिवसाला एकच चढ ठेवावा. लेकरास दुपारी झोप लागत असेल, तर दुपार मोकळी ठेवावी. तरण्या मुलांना हे प्रथम जाचक वाटेल. पण जो बेत आजीस झेपतो तो सर्वांस झेपतो, आणि जो केवळ तरुणांस झेपतो तो कुटुंबाची सहल राहत नाही.

दुसरी सूचना आईविषयी. पहिल्या दिवसाची शिदोरी घरून न्यावी हे ठीक. दशम्या, चटणी, चिवडा, लाडू हे टिकतात आणि पैसाही वाचवतात. परंतु स्टोव्ह, तांदूळ, डाळ आणि भांडी यांचे गाठोडे सोबत घेऊन आईने परगावी पुन्हा स्वयंपाकच करावयाचा असेल, तर तिने काय पाहिले? घर सोडून ती तीन दिवस दुसऱ्या चुलीपाशी गेली, इतकेच. खर्चाच्या यादीत खानावळीच्या जेवणाची रक्कम धरावी, आणि ती आईच्या सुट्टीची किंमत आहे असे समजून आनंदाने द्यावी. मागे गुरे आणि कोंबड्या यांचे काय, हा प्रश्न खराच आहे. पण त्याला शेजारधर्माचे उत्तर आहे. यंदा शेजाऱ्याने आपली गुरे पाहावी, पुढच्या वर्षी आपण त्याची पाहावी. दुखण्याच्या वेळी आपण शेजाऱ्यास हे सांगतोच. सुखाच्या वेळी सांगण्यास संकोच कशाचा?

केव्हा निघावे?

मुहूर्त तीन गोष्टींनी ठरतो : शेत, नदी आणि शाळा.

बालाघाट हा धानाचा जिल्हा. येथील चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आपणा सर्वांच्या अभिमानाची गोष्ट. पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग मळणी आणि त्यानंतर सोसायटीच्या केंद्रावर धान मोजून देण्याची रांग. धान मोजून होईपर्यंत कोणाही शेतकऱ्याचे मन घराबाहेर रमावयाचे नाही. पुढे मार्च-एप्रिलात मोहफुले गळू लागली की रानाकडची घरे पहाटेपासून रानात असतात.

नदीचेही आपले वेळापत्रक आहे. जबलपूरजवळच्या भेडाघाट येथे संगमरवरी कड्यांमधून होडीने जाणे हा या सहलीचा मुख्य आनंद. पण पावसाळ्यात नर्मदेस पूर असतो आणि होड्या बंद ठेवतात. पुष्कळ लोक "पावसात धबधबा छान दिसेल" म्हणून जुलै-ऑगस्टात जातात. भरल्या पुरात धबधबा असा उरतच नाही, पाण्याचा नुसता लोंढा दिसतो, आणि होडी मिळत नाही म्हणून हिरमुसून परतावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत पांढरा दगड असा तापतो की अनवाणी लेकरू तेथे पाऊल ठेवू शकत नाही.

या सर्वांचा मेळ घातला असता नाताळ उरकल्यानंतरचा जानेवारी महिना उत्तम ठरतो. धान मोजलेले असते, हाती चार पैसे असतात, मोहफुले अजून दूर असतात, मुलांच्या वार्षिक परीक्षा जवळ आल्या तरी डोक्यावर नसतात, आणि उपवासकाळही सुरू झालेला नसतो. नदीचे पाणी निवळलेले असते. थंडी मात्र कडक पडते. वृद्धांसाठी आणि लहानांसाठी घोंगडी-शाली विसरू नयेत. शक्य तर पौर्णिमेच्या जवळचे दिवस निवडावेत. चांदण्यात भेडाघाटचे पांढरे कडे जसे दिसतात तसे ते उन्हात दिसत नाहीत.

वाट हीही पाहण्याचीच वस्तू

बालाघाटहून जबलपुरास सिवनीवरून मोटारीनेही जाता येते. पण कुटुंबासह जावयाचे असेल तर आम्ही रेल्वेचीच शिफारस करू. वृद्धांस पाय लांब करता येतात, मुलांस खिडकी मिळते, आणि पैसेही कमी पडतात.

या मार्गास इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल नागपूर रेल्वे कंपनीने सातपुड्याच्या पठारावर अडीच फूट रुंदीचे रूळ टाकून गोंदिया, बालाघाट, नैनपूर आणि जबलपूर ही ठाणी जोडली. शंभर वर्षांहून अधिक काळ ती छोटी गाडी साल, साग आणि बांबू यांच्या रानातून धापा टाकीत धावत होती. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांनी तिचा प्रवास केलेला आहे. चढावर ती इतकी मंद होई की उतारू तिची थट्टाच करीत. २०१५ साली बालाघाट-नैनपूर-जबलपूर हा छोट्या रुळांचा मार्ग बंद झाला, आणि मोठे रूळ टाकण्याचे काम पुरे होऊन २०२१ साली गोंदियापासून जबलपूरपर्यंत सलग ब्रॉडगेज गाड्या जाऊ लागल्या. गोंदिया ते जबलपूर हे अंतर सुमारे २३० किलोमीटर. त्यांपैकी बालाघाटपर्यंतचे सुमारे ४०. आजोबा सोबत असतील तर लामटा, नैनपूर, घनसोर ही स्टेशने येताना त्यांना जुन्या गाडीच्या गोष्टी विचाराव्यात. पुस्तकात न मिळणारा इतिहास मुलांस तेथे फुकट मिळेल.

खिडकीपाशी बसलेल्या मुलांस आणखी एक गोष्ट सांगावी. आपली वैनगंगा सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटावरून दक्षिणेस भंडारा-चंद्रपुराकडे जाते, वर्धेस मिळून प्राणहिता होते, आणि गोदावरीच्या संगतीने बंगालच्या उपसागरास मिळते. नर्मदा अमरकंटकास जन्मते आणि पश्चिमेस भडोचजवळ अरबी समुद्राच्या आखातास मिळते. बालाघाटाहून जबलपुरास जाताना, नैनपूर मागे पडल्यावर, पठारावर कोठेतरी ही अदृश्य सीमा आपण ओलांडतो. तिच्या अलीकडे पडलेला पावसाचा थेंब पूर्व समुद्राकडे निघतो. पलीकडे पडलेला पश्चिम समुद्राकडे. सातपुडा म्हणजे काय, हे भूगोलाच्या धड्यापेक्षा या एका वाक्याने मुलांच्या अधिक ध्यानात राहील.

पुढे बरगी नावाचे स्टेशन लागते. तेथे क्षणभर गंभीर व्हावे. नर्मदेवरील बरगी धरणाचे काम १९७४ साली सुरू होऊन १९९० साली पुरे झाले. त्याच्या पाण्याने मंडला, सिवनी आणि जबलपूर या जिल्ह्यांतील १६२ गावे बाधित झाली. ती आपल्यासारख्याच शेतकऱ्यांची, गोंड आदिवासींची गावे होती. जमिनी गेलेल्यांपैकी कित्येकांस पुढे जबलपुरात सायकलरिक्षा ओढून पोट भरावे लागले. धरणाने वीज दिली, कालव्याचे पाणी दिले, हे खरे. पण ज्यांनी आपली घरे पाण्यास दिली त्यांची आठवण त्या वाटेने जाणाऱ्याने ठेवावी. शहरात कोणी वृद्ध रिक्षावाला भेटला तर त्याच्याशी पैशासाठी घासाघीस करण्याआधी त्यास त्याचे गाव विचारावे. आपले आणि त्याचे गाव एकाच डोंगराच्या दोन अंगांस असण्याचा संभव आहे.

ग्वारीघाटापाशी गाडी नर्मदा ओलांडते. पुलावर येताच सर्वांनी खिडकीशी यावे. जबलपूरची पहिली भेट इस्पितळाच्या दाराशी न होता नदीवर व्हावी, ही गोष्ट आम्हास फार मोलाची वाटते.

काय पाहावे आणि काय सोडावे?

येथे संयम हवा. "इतके दूर जातोच आहोत तर कान्हाही पाहू, अमरकंटकही करू, पचमढीस एक चक्कर टाकू" असे म्हणणारे कोणीतरी प्रत्येक घरात असते. त्याचे प्रेमाने ऐकावे आणि त्याचा बेत पुढील वर्षांवर टाकावा. दोन रात्री आणि तीन दिवस हाती असतील तर जबलपूर आणि भेडाघाट एवढेच पुरे.

पहिल्या दिवशी पोहोचून विसावा घ्यावा आणि सायंकाळी ग्वारीघाटावर जाऊन बसावे. तेथे भाविक हिंदू बांधव नर्मदेची आरती करतात, पाण्यावर दिवे सोडतात. आपण मर्यादेने, शांतपणे एका बाजूस बसावे. नदीकाठी बसण्यास तिकीट लागत नाही, आणि प्रवासाने शिणलेल्या वृद्धांस यापरते सुख नाही.

दुसरा दिवस सबंध भेडाघाटास द्यावा. शहरापासून ते वीस-पंचवीस किलोमीटरांवर आहे. वाटेत तेवर गाव लागते. हीच कलचुरी राजांची राजधानी त्रिपुरी. तिच्याच नावाने १९३९ साली या परिसरात काँग्रेसचे अधिवेशन भरले होते, आणि अध्यक्ष सुभाषचंद्र बोस ज्वराने इतके आजारी होते की त्यांना निजलेल्या स्थितीतच मंडपात आणावे लागले.

भेडाघाटास प्रथम धुआंधार पाहावा. नर्मदा येथे एकाएकी खाली झेप घेते आणि पाण्याचे तुषार धुरासारखे वर चढतात. म्हणून हे नाव. कठड्यापाशी उभे राहिले की अंग भिजते आणि आवाजात बोललेले ऐकू येत नाही. धबधब्यापलीकडे नदी संगमरवराच्या घळीत शिरते. तेथे पंचवटी घाटावरून होड्या सुटतात. पांढरे, करडे, कोठे गुलाबी, कोठे निळसर असे कडे दोन्ही अंगांस उभे आहेत. काही शंभर फुटांपर्यंत उंच. एके ठिकाणी ते इतके जवळ येतात की पूर्वी वानर एका काठावरून दुसऱ्या काठावर उडी घेत असत असे सांगतात. त्या जागेस बंदरकूदनी म्हणतात. येथील नावाडी यमक जुळवून, विनोद करीत प्रत्येक कड्याचे वर्णन करतात. ते हिंदीत असले तरी आजीसही हसू आल्यावाचून राहत नाही.

हा दगड आला कोठून, असे मुले विचारतील. त्यांना सांगावे की, हा मूळचा चुनखडीचा साधा दगड. शंभर कोटी वर्षांहूनही जुन्या काळी तो पाण्याच्या तळाशी थराथराने साचला, मग भूगर्भात दडपला गेला, आणि तेथील उष्णतेने व दाबाने त्याचा संगमरवर झाला. नदीने नंतर तो कापून काढला. जवळच लमेटाघाट आहे. तेथील खडकांच्या नावावरून 'लमेटा' ही संज्ञा भूगर्भशास्त्रात रूढ झाली आहे. १८२८ साली कॅप्टन स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यास जबलपुरातील एका टेकडीवर काही प्रचंड हाडे सापडली. ती डायनासोरची होती. पण 'डायनासोर' हा शब्द १८४२ पर्यंत जन्मासच आला नव्हता! भेडाघाट-लमेटाघाट परिसर २०२१ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत घेतला गेला आहे.

चौसष्ट योगिनींचे दहाव्या शतकातील वर्तुळाकार मंदिर टेकडीवर आहे. ते कलचुरींच्या शिल्पकलेचा नमुना म्हणून पाहण्यासारखे आहे. पण शंभराहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खाली सावलीत बसावे, आणि त्यांच्यासोबत घरातील एका तरुणाने स्वखुशीने बसावे. कोणास एकटे मागे ठेवू नये, हा नियम येथेही पाळावा.

तिसऱ्या दिवशी सकाळी मदनमहालाच्या टेकडीकडे जावे. गोंड राजांचा लहानसा किल्ला तेथे एका भल्या मोठ्या खडकावर बांधलेला आहे. त्याच्या वाटेवर दोन शिळा अशा एकीवर एक उभ्या आहेत की वरची आता पडेल की मग पडेल असे वाटते. २२ मे १९९७ रोजी जबलपुरास भूकंपाचा मोठा धक्का बसला, घरे कोसळली, माणसे दगावली. ती शिळा मात्र होती तेथेच राहिली. वेळ उरल्यास राणी दुर्गावती संग्रहालय पाहावे. १५६४ साली मोगल फौजेशी लढताना प्राण वेचणाऱ्या या राणीचे नाव आपल्या गोंड शेजाऱ्यांच्या ओठी आजही आहे. सरकारी संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, हे बेत ठरविताना ध्यानी धरावे.

रविवार मध्ये येत असेल तर मिस्सा चुकविण्याचे कारण नाही. बालाघाट ज्या जबलपूर धर्मप्रांतात मोडतो तो १९५४ साली स्थापन झाला, आणि संत पेत्र व संत पौल यांच्या नावाचे त्याचे कॅथेड्रल शहरातच आहे. आपल्या धर्मगुरूंस आधी विचारून मिस्साची वेळ लिहून घ्यावी. ज्या धर्मप्रांताचे आपण घटक आहोत त्याचे मुख्य मंदिर मुलांनी एकदा पाहिले म्हणजे तो शब्द त्यांस नुसता कागदावरचा राहत नाही.

पैसा आणि सावधगिरी

कर्ज काढून सहल करू नये, हे आम्ही निक्षून सांगतो. वर्षाच्या आरंभी एक डबा वेगळा ठेवावा. अंडी विकली, दूध घातले, मोहफुले वेचली, की त्यातील थोडेसे त्या डब्यात पडावे. मुलांनीही आपल्या खाऊचे पैसे घालावेत. ज्याने पैसा घातला त्यास बेताविषयी बोलण्याचा हक्क मिळतो. खर्चाचे पाच रकाने वहीत आखावेत : गाडी, मुक्काम, जेवण, होडी व रिक्षा, आणि अडीअडचण. पाचवा रकाना रिकामा ठेवू नये आणि पहिल्या चारांसाठी त्यातून काढू नये. खर्चाची ही वही घरातील मोठ्या मुलीकडे द्यावी. हिशेब शिकविण्याची याहून चांगली शाळा नाही.

रेल्वेची तिकिटे आता मोबाइलवर काढता येतात; ज्यास ते जमते अशा तरुणास हे काम सोपवावे, पण गाडीची वेळ निघण्यापूर्वी स्टेशनावर पुन्हा विचारून घ्यावी. मुक्कामाची खोली आधी ठरवावी आणि ती वृद्धांसाठी तळमजल्यावर मागावी. प्रत्येकाचे ओळखपत्र, वृद्धांची नेहमीची औषधे, आणि लहानांच्या खिशात घरच्या फोन क्रमांकाची चिठ्ठी, या तीन वस्तू विसरू नयेत.

सर्वांत मोठी सावधगिरी पाण्याची. भेडाघाटचा खडक पाण्याने गुळगुळीत झालेला आहे आणि घळीतील पाणी फार खोल आहे. छायाचित्र काढण्याच्या मोहाने कठड्यापलीकडे जाऊन प्राण गमावलेल्यांच्या बातम्या आपण वाचतोच. होडीत बसताना प्रत्येकाने, पोहता येणाऱ्यानेही, अंगात तरंगते जाकीट घालावे. ते नसेल तर त्या होडीत बसू नये. होडीत माणसे अधिक भरत असतील तर उतरून दुसरीची वाट पाहावी. वैनगंगेत पोहावयास शिकलो म्हणून नर्मदेस गृहीत धरू नये.

हे सर्व वाचून कोणी म्हणेल, एवढ्याशा सहलीसाठी एवढा खटाटोप! होय, कारण ज्या घरी सहल ही दर महिन्याची गोष्ट नाही तेथे तिचे मोल फार मोठे असते. आणि बेत आखण्याचे ते दिवसही सहलीचाच भाग असतात. नोव्हेंबरात धान खळ्यावर असताना, रात्री जेवणे झाल्यावर, वही मध्ये ठेवून सर्वांनी बोलावे. आजीस काय पाहावेसे वाटते हे कदाचित या निमित्ताने प्रथमच कोणी तिला विचारील.

पुढे केव्हातरी पुन्हा समन्स येईल, पुन्हा डॉक्टरची चिठ्ठी येईल. संसारात ते टळत नाही. पण तेव्हा गाडी ग्वारीघाटाच्या पुलावर आली म्हणजे, चिंतेने खाली मान घालून बसलेल्या माणसास शेजारचे लेकरू हात धरून उठवील आणि म्हणेल, "बाबा, पाहा ना, आपली नदी आली!" परक्या वाटणाऱ्या शहरात आपले म्हणण्याजोगे काहीतरी असणे, हा संकटातील मोठा आधार आहे. तो आधार आधीच मिळवून ठेवावा, म्हणून हा आग्रह.